अकरा तपासण्यांची गाडी

त्यांचं खरं आडनाव फार थोड्यांना ठाऊक होतं. सगळे त्यांना शेरेसाहेब म्हणत, आणि नव्या माणसाला ते आडनावच वाटे. पण हे नाव त्यांना वाहन तपासणी केंद्रातल्या मंडळींनी ठेवलेलं. एकतीस वर्षं ते तिथे तपासनीस होते आणि तेवढ्या काळात कागदावरचा शेऱ्याचा रकाना त्यांनी क्वचितच कोरा सोडला. गाडी पास झाली तरी खाली एखादी ओळ असायचीच. डाव्या पुढच्या टायरची आतली कड झिजलेली. सायलेन्सरचा पट्टा ढिला. एकदा एका नव्याकोऱ्या गाडीत काही म्हणता काही सापडेना, तेव्हा त्यांनी 'हॉर्नचा आवाज अंमळ मोठा' असं लिहिलं, ही गोष्ट केंद्रात अजून सांगतात. शेरेसाहेब ती नाकारत नसत. "होताच मोठा," एवढंच म्हणत.

निवृत्त झाल्यावर लोक त्यांच्याकडे कागद घेऊन यायला लागले. जुनी गाडी घ्यायची असली की आधी शेरेसाहेबांना दाखवायचं, असा त्या गावात शिरस्ताच पडून गेला. ते गाडी बघायला लगेच जात नसत. "गाडी धुऊनपुसून उभी करता येते," ते म्हणत, "आधी तपासणीचे कागद आणा. सगळे. पहिल्या वर्षापासूनचे." मग जेवणाच्या टेबलावर ते कागद ओळीने मांडायचे, जुना डावीकडे, नवा उजवीकडे. मामींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, भांडी उचलून ओट्यावर न्यावी लागत. त्यांना मामी म्हणायची ती खरं तर एकच मुलगी, पण तिच्यामुळे साऱ्या गल्लीच्या त्या मामी झाल्या होत्या.

ती मुलगी म्हणजे शेरेसाहेबांची भाची. बहीण गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मामाने एका पेटीसकट तिला घरी आणलं आणि वरच्या खोलीत ती लहानाची मोठी झाली. आता ती चौतिशीची होती आणि जनावरांची डॉक्टर होती. गाव घाटमाथ्यावर, डोंगराच्या पायथ्याशी होतं, वर चौदा वाड्या होत्या, आणि त्या चौदा वाड्यांतल्या घोड्यांना, मेंढ्यांना, गाईंना ती एकटीच होती. सरकारी दवाखान्याची गाडी बिघडून दोन वर्षं झाली होती. मागणीचे अर्ज गेले, स्मरणपत्रं गेली, गाडी काही आली नाही. तिची स्वतःची छोटी गाडी ओढ्याच्या उतारापर्यंत जाई, तिथून पुढे पोट घासे. गेल्या थंडीत दोनदा तिने गाडी ओढ्याकाठी सोडून पायी चढण धरली होती. दुसऱ्या खेपेला ती पोचली तेव्हा अडलेली गाय पोटातल्या वासरासकट थंड होऊन पडली होती. मालकाने तिला चहा विचारला. त्याचंच तिला जास्त लागलं.

तेव्हापासून ती जुनी फोर बाय फोर शोधत होती. तिने पाहिलेल्या तीन गाड्या शेरेसाहेबांनी मोडीत काढल्या होत्या. एकीचा किलोमीटरचा आकडा एका वर्षी मागे गेला होता. दुसरीचे पुढच्या चाकांजवळचे रबरी बुश दर वर्षी नवे आणि दर वर्षी झिजलेले, म्हणजे दुखणं भलतीकडेच. तिसरीचे मधले दोन कागद नव्हते. "दोन वर्षं गाडी कुठे होती ते सांगायला एजंटाला लाज वाटते, मग घ्यायला आपल्याला वाटू नये का?" ते म्हणाले होते.

चौथी डिझेलची होती, बारा वर्षांची. अकरा तपासण्यांचे अकरा कागद होते, एकही गहाळ नाही. भाचीने ते स्वतःच टेबलावर मांडले आणि समोर बसली. शेरेसाहेबांनी वाचायचा चष्मा चढवला, पेन्सिल कानावर ठेवली आणि वाचायला सुरुवात केली. त्यांना घाई आवडत नसे. अर्ध्या तासाने त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं.

"इंजिनात दम आहे."

भाचीच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"धुराचे आकडे बघ. एकदाच, सातव्या वर्षी, वर गेलेत, मग खाली. चौसष्ट हजार किलोमीटर म्हणजे डिझेलला काहीच नाही. गिअरबॉक्समधून तेल गळत नाही, पुढची चाकं ओढतात. घेणाऱ्याने शेवटचे तीनच कागद पाहिले तर आज उचलून आणेल."

"पण?"

"पण मी पहिल्यापासून वाचतो." त्यांनी पेन्सिलीचं टोक डावीकडे नेलं. "पहिली सात वर्षं गाडी समुद्राकाठच्या केंद्रात तपासली आहे. वर्षाला सहा हजार किलोमीटर. एवढी मोठी गाडी, आणि फिरते एवढीशी? म्हणजे लांब जात नव्हती. चौथ्या वर्षी शेरा, मागच्या ब्रेक पाइपांना गंज. फक्त मागच्या. पाचव्या वर्षी चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरच, वरवरचा गंज, मागे. सहाव्या वर्षी, उजवी मागची, पाट्याच्या कडीजवळ, गंज वाढलेला. पुढच्या भागाबद्दल कुणी ब्र काढलेला नाही. अशी कुठली गाडी असते जी फक्त मागून गंजते?"

भाचीने चौथ्या वर्षाचा कागद स्वतःकडे ओढला.

"होडी ओढणारी. ट्रेलर मागे लावून धक्क्यावरून उलटी पाण्यात उतरवायची, होडी सोडायची, वर यायचं. मागची चाकं रोज खाऱ्या पाण्यात. सातव्या वर्षी नापास झाली, बघ. आणि दोन दिवसांनी पास. दोन दिवसांत चासी कापून नवा तुकडा बसवता येत नाही. दोन दिवसांत पत्रा ठोकून त्यावर काळा लेप फासता येतो. आठव्या वर्षी गाडी दुसऱ्याच केंद्रात, पार आतल्या भागात. तिथपासून रकाना कोरा. गंजाचा 'ग' नाही." त्यांनी चष्मा काढला. "गंज असा एका वर्षात जात नाही. शेरा जातो. घेऊ नकोस."

"मामा, तुम्ही आजवर कुठल्या गाडीला हो म्हणालात?"

शेरेसाहेबांनी चष्मा पुसायला घेतला. ओट्याशी उभ्या असलेल्या मामी म्हणाल्या, "मला पाहायला आले तेव्हासुद्धा आठ दिवसांनी कळवलं होतं." भाची हसली, शेरेसाहेबही हसले, आणि विषय तिथेच राहिला.

त्यानंतरच्या सोमवारी गाडी दारात उभी होती. हिरवी, रुंद, मागे दोरखंडांना कड्या असलेली. भाचीने किल्ली मामाच्या हातावर ठेवली नाही, नुसती दाखवली. "थंडी तोंडावर आलीय," ती म्हणाली, "याहून बरी माझ्या आवाक्यात नाही. मी सांभाळून चालवीन."

शेरेसाहेबांनी तिला रागावून पाहिलं नाही. ती चौतीस वर्षांची होती, डॉक्टर होती, गाडी तिची होती.  पण जेवताना, अंघोळ करताना, वर्तमानपत्र वाचताना त्यांच्या डोळ्यांपुढे मागच्या चाकाचा भार पेलणाऱ्या त्या पाट्याची कडी येई. शेवटी ते तिला म्हणाले, "एकदा केंद्रात नेऊन खड्ड्यावर घेऊ, खालून पाहू. माझ्या समाधानासाठी."

केंद्रात आता त्यांच्याच हाताखाली तयार झालेला तपासनीस होता. जाड भिंगांमुळे त्याला सगळे चष्मा म्हणत. त्याने शेरेसाहेबांना खुर्ची दिली, ती त्यांनी नाकारली. गाडी खड्ड्यावर आली, दोघे पायऱ्या उतरून खाली गेले. वर काळा, जाड, गुळगुळीत लेप होता, मागच्या आडव्या नळीपासून पाट्यापर्यंत एकसंध. चष्म्याने छोट्या हातोडीने ठोकून पाहिलं. पुढे चासी खणखणीत वाजली. हातोडी मागे उजवीकडे आली तशी चासी थप्प वाजली.

"ऐकलंस?" शेरेसाहेब म्हणाले.

"ऐकलं, सर. पण तो लेपाचा आवाज आहे की लोखंडाचा, मी कसं सांगू?"

"खरवडून बघ ना जरासं."

चष्म्याने हातोडी खाली घेतली. मग अवघडून म्हणाला, "खरवडायचं नाही, उघडायचं नाही, सैल करायचं नाही. जे दिसतं तेच लिहायचं. पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलं होतं, सर. माझ्या वहीत अजून आहे."

सांगितलं होतं खरं. एकतीस वर्षं तेच सांगितलं होतं, आणि नियम म्हणून त्यात काही चूक नव्हती. उद्या कुणीही तपासनीस कुणाच्याही गाडीला टोचे मारत सुटला तर लोक कुणाकडे दाद मागणार? पण खड्ड्यात उभं राहून वर पाहताना त्यांच्या मनात आलं की असा लेप फासलेल्या आपण किती गाड्या पास केल्या असतील. वीस? दोनशे? कुणाच्या असतील त्या? खड्ड्याच्या कठड्याला धरून ते वर आले तेव्हा भाची बाहेर उन्हात उभी होती. "काय म्हणाला?" तिने विचारलं.

"काही दिसत नाही म्हणाला."

"मग झालं तर."

थंडी पडली. गाडी रोज सकाळी सुटे आणि तिसऱ्या प्रहरी परते. वरच्या वाड्यांत डॉक्टरीणबाई आता वेळेवर पोचत होत्या. एका घोडीचा पाय वाचला, मेंढ्यांना लस वेळेत टोचली गेली. संध्याकाळी ती टेबलाशी बसून हे सांगे तेव्हा तिचा चेहरा असा उजळलेला असे, की शेरेसाहेबांना कडीचा विषय काढवत नसे. ते फक्त विचारत, "आज मागे वजन किती होतं?" ती म्हणे, "फार नाही."

मग ती सकाळ आली. शेरेसाहेब सदऱ्याची बटणं लावत होते आणि तिसरं बटण काही केल्या काजात जाईना. त्यांनी खाली पाहिलं तर उजवा हात बटणापाशी नव्हताच, मांडीवर पडलेला होता. त्यांना मामींना हाक मारायची होती. तोंडातून जे निघालं ते त्यांना स्वतःलाच ओळखू आलं नाही. मामी धावत आल्या, वरून भाची उतरली. तिने मामाचा चेहरा पाहिला, एक बाजू उतरलेली पाहिली, आणि लगेच फोन लावला. रुग्णवाहिका घाटाखालून यायची होती. दीड तास लागेल म्हणाले. मोठं रुग्णालयही घाटाखालीच होतं.

"म्हणजे यायला दीड आणि जायला दीड," भाची म्हणाली. "मामी, गादी आणा."

शेजारच्या दोघांनी हात दिला. गाडीच्या मागच्या भागात दोरखंड आणि औषधांच्या पेट्या बाजूला सारून गादी अंथरली आणि शेरेसाहेबांना तीवर आडवं केलं. मामी त्यांचं डोकं मांडीवर घेऊ पाहत होत्या, पण जागा पुरेना, म्हणून त्या पायाशी बसल्या. गादी आखूड पडली, त्यामुळे शेरेसाहेबांचा कान टेकला तो थेट गाडीच्या पत्र्यावर, आणि खाली होती चासी.

डोकं स्वच्छ होतं. लोकांना वाटतं अशा वेळी माणसाला काही कळत नाही. त्यांना सगळं कळत होतं. आयोडीनचा वास येत होता, मामी त्यांचे तळवे चोळत होत्या, इंजिन एका लयीत चाललं होतं आणि खरोखरच दमदार होतं. घाट सुरू झाला. पहिल्या डावीकडच्या वळणाला, सगळं वजन उजवीकडे गेलं तेव्हा, त्यांनी तो आवाज ऐकला.

सुकलेल्या बुशाचा आवाज त्यांना ठाऊक होता, तो कुरकुरतो. शॉकअप गेलेला असला की धपकतो. पाटा तुटला की खडखडतो. हा त्यातला नव्हता. लोखंड लोखंडापासून सुटताना जी बारीक कण्हल्यासारखी ओढ येते, ती होती. उजवीकडून, मागून, त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर.

त्यांना म्हणायचं होतं, हळू. एवढाच एक शब्द. वळणावर हळू घे. त्यांनी सगळा जीव गोळा केला आणि तोंडातून आलं, "आ. आआ."

"त्रास होतोय त्यांना," मामी पुढे ओरडल्या. "लवकर घे, बाई."

भाचीने वेग वाढवला.

पुढच्या वळणाला ओढ जास्त वेळ टिकली. शेरेसाहेबांनी डाव्या हाताने पत्र्यावर थापा मारल्या. मामींना वाटलं त्यांना धरायला काही हवंय, त्यांनी आपला हात दिला. त्यांनी तो झिडकारला, पुन्हा थापा मारल्या, पुन्हा आवाज काढला, आणि गाडी आणखी जोरात धावू लागली. तेव्हा त्यांना उमगलं की आपण जितका आवाज करू तितकी ही पोर जास्त पळवणार. त्यांनी तोंड मिटलं. उरलेली बावीस वळणं ते डोळे मिटून, दात आवळून, आवाज ऐकत पडून राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मामी पुढे वाकून ते पदराने टिपत म्हणत होत्या, "आलंच हं. आलंच."

गाडीने त्यांना नीट पोचवलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत म्हणून जीव वाचला, आणखी तासभर उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. मामींनी त्या संध्याकाळी वाहनतळावर जाऊन गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, असं भाचीने नंतर सांगितलं.

उजवा हात आणि पाय गेले ते तसेच राहिले. बोलणं गेलं. ऐकू येत होतं, समजत होतं, वाचताही येत होतं, फक्त आतलं बाहेर येत नव्हतं. पाचव्या दिवशी भाचीने त्यांच्या डाव्या हातात पेन्सिल दिली, पाटीसारखा पुठ्ठा धरला. शेरेसाहेबांनी अर्धा तास घेऊन दोन शब्द लिहिले. अक्षरं मेलेल्या किड्यांसारखी इकडेतिकडे पसरली होती. मामींनी पुठ्ठा उजेडात धरून वाचलं, "उजवी... मागची. उजवी मांडी का हो? मागून दुखते?"

भाची लगेच पायाशी गेली आणि उजवी मांडी मागच्या बाजूने चोळू लागली. शेरेसाहेबांनी मान हलवली, नाही. "पोटरी?" नाही. "खांदा?" तिने नर्सला सांगितलं, नर्सने डॉक्टरांना, आणि दुसऱ्या दिवशी व्यायाम घ्यायला आलेल्या बाईंनी कागद पाहून सांगितलं, "आजोबा, तुमची उजवी मागची बाजू दुखते ना? तिच्याकडे लक्ष देऊ हं आपण." पुढचे तेरा दिवस सारं रुग्णालय त्यांच्या उजव्या मागच्या बाजूची विचारपूस करत होतं. शेरेसाहेबांनी हात टेकले. एकदा तर त्यांना हसू फुटलं, अर्ध्या तोंडाने, आणि मामींना वाटलं माणूस सुधारतोय.

भाची रोज वाड्यांवर जाऊन, घाट उतरून त्यांना भेटायला येत होती आणि पुन्हा घाट चढून जात होती. ती जायला निघाली की शेरेसाहेब तिचं मनगट धरून ठेवत. "उद्या येते ना मी," ती म्हणे, आणि एकेक बोट हळुवार सोडवून घेई.

अठरा दिवसांनी घरी आणलं, त्याच गाडीतून. घरी आल्या आल्या त्यांनी डाव्या हाताने कपाटाकडे बोट दाखवलं. मामींनी दहा वस्तू काढून दाखवल्या, अकरावी होती कागदांच्या प्रतींची फाइल. शेरेसाहेब पाहिलेल्या प्रत्येक गाडीच्या प्रती ठेवत. त्यांनी भाचीला समोर बसायची खूण केली, सहाव्या वर्षाचा कागद शोधला आणि शेऱ्यावर बोट टेकवलं. उजवी मागची, पाट्याच्या कडीजवळ. मग ते बोट कानाला लावलं, मग जमिनीकडे नेलं, मग हात वळणासारखा फिरवला.

भाचीने ती ओळ पुन्हा वाचली. रुग्णालयातला पुठ्ठा तिला आठवला असावा. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, मग हात खाली घेतले.

"तुम्हाला ऐकू आलं होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी. खाली."

त्यांनी मान डोलावली.

"मामा, मला माहीत आहे. त्या दिवशी तुम्ही टेबलावर सांगितलंत तेव्हाच मला पटलं होतं. घ्यायच्या आधी मी बॅटरी घेऊन खाली शिरले होते. मला हो म्हणणारं माणूस नको होतं, मला गाडी हवी होती." तिचा आवाज खाली आला. "दुसरी कुठली घेऊ? सांगा ना."

शेरेसाहेबांनी फाइल मिटली.

त्यांच्यासाठी म्हणून तिने गाडी मिस्त्रीकडे नेली. शेरेसाहेबांना चाकाच्या खुर्चीतून सोबत नेलं. मिस्त्रीने गाडी उचलली आणि पटाशीने लेप खरवडायला घेतला. लेप खपल्यांनी निघू लागला आणि त्याच्या पाठीला लालभडक पापुद्रे चिकटून येऊ लागले. खाली पत्रा ठोकलेला होता, डब्याचा असावा तसा पातळ. मिस्त्रीने स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि नुसता दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला.

 मिस्त्रीने स्क्रू ड्रायव्हर हळूच बाहेर काढला, जणू कुणाला दुखेल.

"वेल्डिंग?" भाचीने विचारलं.

"टाका घालायला बाजूला धड लोखंड लागतं, ताई. इथे हातभर अंतरात ते नाही." त्याने शेरेसाहेबांकडे पाहिलं. ते लोखंडाकडे पाहत होते. "लोखंडी अँगल लावून बोल्टांनी आवळून देतो. पण माझं नाव सांगू नका कुठे. आणि ओझं घालू नका."

अँगल लावला. भाची उरलेली थंडी त्याच गाडीवर फिरली. ओझं घालत नव्हती, वळणावर सावकाश घेत होती, ओढ्याच्या उतारावर उतरून आधी खाली वाकून बघत होती. निघताना मामाच्या खोलीत डोकावून "जाऊन येते" म्हणायची. शेरेसाहेबांची खुर्ची मामींनी खिडकीशी ठेवली होती. त्यांचा जीव दिवसभर टांगणीला असे. तिसऱ्या प्रहरी गाडीचा आवाज कोपऱ्यावर आला की ते मामींना पाणी आणायची खूण करत, आणि ग्लासभर पाणी एका दमात पीत. तिला थांब म्हणायची ताकद त्यांच्यात नव्हती, जा म्हणायचीही नव्हती. ती हे दोन्ही न विचारताच जात होती.

उन्हाळ्याच्या तोंडावर बाराव्या तपासणीची तारीख आली. लेप आता निघालेला होता, अँगल उघडा दिसत होता. चष्म्याने अर्धा तास खड्ड्यात काढला आणि वर येऊन नापास लिहिलं. दुसरं काही लिहिता येण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी तो कागदाची प्रत घेऊन शेरेसाहेबांकडे आला आणि खुर्चीसमोर उभा राहिला. "सर, मागच्या वेळी लेप होता," तो म्हणाला. "आता दिसतं." शेरेसाहेबांनी डावा हात पुढे केला. चष्म्याला वाटलं त्यांना कागद हवाय. त्यांना त्याचा हात हवा होता. त्यांनी तो धरला आणि दोनदा दाबला. चष्मा भिंगं पुसत बाहेर गेला.

गाडी सुट्या भागांसाठी गेली. इंजिन कुणीतरी लगेच उचललं. भाचीने आणखी दोन अर्ज केले, चारदा वरच्या साहेबांना भेटली, एक महिना मोटरसायकलवर फिरली आणि ओढ्यात एकदा आडवी झाली. त्यानंतर खालच्या शहरातल्या प्राण्यांच्या दवाखान्यातून तिला बोलावणं आलं. तिथे कुत्री, मांजरं, पोपट येत. रस्ते डांबरी होते. ती गेली त्या दिवशी मामाच्या पायाशी बसून खूप वेळ काहीबाही बोलत राहिली. वाड्यांबद्दल एक शब्द काढला नाही. आता दर रविवारी येते.

मामाचं बोलणं थोडं परतलं. "पाणी," "हो," "नाही," आणि मामींचं नाव, जे त्यांनी पूर्वी चारचौघांत कधी घेतलं नव्हतं.

पावसाळा उलटून गेल्यावर एका दुपारी मामी बाजारात गेल्या होत्या. वरच्या वाडीचा एक घोडेवाला दारात आला. चालून आला होता, गुडघ्यापर्यंत चिखल होता. त्याने चपला बाहेर काढल्या आणि उंबऱ्यात उभा राहून विचारलं, "डॉक्टरीणबाई आहेत का?"

"नाही," शेरेसाहेब म्हणाले.

"घोडी कालपासून खाली बसलीय. उठत नाही. पोट फुगलंय, मान मागे टाकते. कधी येतील?"

"नाही."

"संध्याकाळपर्यंत?"

शेरेसाहेबांनी तोंड उघडलं. ती शहरात गेली, तिच्याकडे गाडी नाही, तिचा फोन इथे भिंतीवर लिहिलाय, मामी येईतो थांब, एवढं सगळं त्यांच्या जिभेवर जमा झालं. डावा हात भिंतीकडे गेला. घोडेवाल्याने भिंतीकडे पाहिलं. तिथे कॅलेंडर होतं आणि त्याच्या खाली पेन्सिलीने लिहिलेला आकडा होता, पण त्याला अक्षरओळख नव्हती.

"नाही," शेरेसाहेब पुन्हा म्हणाले.

घोडेवाल्याने मान डोलावली. तो पायरीवर बसला, पायांचा चिखल वाळेपर्यंत बसला असेल. मग उठून, आत वाकून "येतो" म्हणाला आणि वरच्या रस्त्याला लागला.